आठवीनंतर ताट कुठं जातं?

दरवर्षी ऑक्टोबरात जागतिक भूक निर्देशांक जाहीर होतो आणि आठवडाभर टीव्हीवर तेच भांडण रंगतं. २०२४ साली १२७ देशांत भारताचा नंबर १०५वा लागला. एक बाजू म्हणते, लाज वाटायला हवी. दुसरी म्हणते, मोजणीच खोटी. या भांडणात एक गोष्ट मात्र कुणी काढत नाही. हा निर्देशांक चार गोष्टींवरून काढतात: पुरेसं अन्न न मिळणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण, पाच वर्षांखालची किती मुलं खुजी आहेत, किती लुकडी आहेत आणि किती दगावतात. चारातल्या तीन गोष्टी वयाच्या पाचव्या वर्षाआधीच संपतात. म्हणजे आपल्या घरातली तेरा वर्षांची पोर किंवा नुकताच नववीत गेलेला पोरगा या हिशोबात जवळजवळ नाहीतच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचंही तसंच. ती पाच वर्षांखालच्या मुलांची उंची-वजनं घेते आणि मग थेट पंधरा वर्षांच्या पुढच्यांची. मधली पोरं वजनकाट्यावर चढतच नाहीत.

खान्देशात हा विषय काढला की पहिला सवाल येतो, "आपल्याकडं कशाची भूक?" जळगावची केळी ट्रक भरभरून उत्तरेला जाते. तापीकाठ हिरवा आहे, बाजार समितीत मका-ज्वारीचे ढीग लागतात. सगळं खरं. तरीही धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून पारोळा-अमळनेरकडच्या कोरडवाहू गावांपर्यंत अशी घरं आहेत, जिथं आषाढात डबा खडखडतो आणि तो खडखडाट घरातल्या वाढत्या पोरांनाच आधी ऐकू येतो.

अन्न-असुरक्षितता म्हणजे काय?

शब्द सरकारी आहे, पण अर्थ साधा. घरातल्या प्रत्येकाला, बारा महिने, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळेल याची खात्री नसणं म्हणजे अन्न-असुरक्षितता. अन्नसुरक्षेची ही व्याख्या १९९६ साली रोमच्या जागतिक अन्न परिषदेत ठरली. इथून पुढं मी 'ताटाचा भरवसा नसणं' असंच म्हणेन.

हा भरवसा चार गोष्टींवर उभा असतो. माल बाजारात असायला हवा. तो घरात यायला हवा, म्हणजे हातात पैसा, जवळ दुकान, नाहीतर रेशनकार्ड हवं. खाल्लेलं अंगी लागायला हवं. पोटात जंत असतील किंवा पाणी गढूळ असेल तर खाऊनही उपयोग नाही. आणि हे तिन्ही वर्षभर टिकायला हवं.

खान्देशची अडचण पहिल्या गोष्टीत नाही, दुसरीत आणि चौथीत आहे. कोरडवाहू शेतकऱ्यानं सगळं रान कापसाखाली घातलं की घरात दाणा येतो तो बाजारातून, रोखीनं. कापूस शिजवून खाता येत नाही. बी-बियाणं, खत, फवारणी यात जून-जुलैत हात रिकामे होतात आणि पहिली वेचणी पदरात पडते ती दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला. मजुराचं तर त्याहून कठीण. निंदणी-खुरपणीला खाडे पडले की चूल उधारीवर. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं, उचल तेव्हाच घेतलेली असते आणि श्रावणापर्यंत ती कधीच जिरलेली असते. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर मुकादमाच्या मागं गुजरातेत ऊसतोडीला उतरतात. तिथं पोटाला मिळतं, पण शाळा, अंगणवाडी आणि गावचं रेशन दुकान सगळं मागं राहतं.

भूक मोजतात तरी कशी?

कुणाच्या पोटात डोकावून पाहता येत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं आठ प्रश्न तयार केलेत. गेल्या बारा महिन्यांत, पैसे किंवा साधनं नसल्यामुळं असं कधी झालं का, एवढंच विचारायचं. अन्न पुरेल का याची काळजी लागली? पौष्टिक खाता आलं नाही? तेच ते खावं लागलं? एखादं जेवण चुकवलं? भुकेपेक्षा कमी खाल्लं? घरातलं अन्न संपलं? भूक असून खाल्लं नाही? सगळा दिवस उपाशी काढला?

प्रश्नांचा क्रम बघा. पहिला प्रश्न पोटाचा नाही, काळजीचा आहे. भरवसा आधी डोक्यातून जातो, मग ताटातून. आधी वरण पातळ होतं. मग भाजीच्या जागी ठेचा किंवा नुसती तिखट-मिठाची चटणी येते. दूध चहापुरतं उरतं. त्यानंतर आई मागं जेवायला लागते आणि "तुम्ही खाई ल्या, माले भूक नई शे" असं म्हणते. उपाशी दिवस सगळ्यात शेवटी येतो, आणि बातमी होते ती त्याचीच. आधीच्या सात पायऱ्यांवर बसलेल्या घरांची बातमी होत नाही.

असल्या प्रश्नांवर सरकारनं आक्षेप घेतलाय. हे तर जनमत चाचणीसारखं झालं, असं सरकारचं म्हणणं. नमुना लहान असेल तर देशाचा आकडा डगमगतो, हे मान्य. पण घरात अन्न पुरलं की नाही, हे त्या घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय कळणार कसं, याचं उत्तर आक्षेपात सापडत नाही.

हेच वय कळीचं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी १० ते १९ हे किशोरवय. माणसाच्या प्रौढ वजनापैकी जवळपास निम्मं आणि उंचीचा साधारण पाचवा हिस्सा याच वर्षांत मिळतो. केळीवाल्याला हे निराळं सांगायला नको. बाग निसवायला आली आणि नेमकं तेव्हाच पाणी तुटलं, तर घड हलका पडतो. पुढं कितीही पाणी सोडा, गेलेल्या फण्या परत येत नाहीत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली गरजेचे आकडे दिलेत. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २,४०० किलोकॅलरी लागतात. मध्यम कष्ट करणाऱ्या प्रौढ बाईला लागतात २,१३०. म्हणजे आईपेक्षा लेकीला जास्त हवं, आणि आपल्याकडची ताटात वाढण्याची पद्धत याच्या अगदी उलट: आधी बाप्ये, मग पोरं, मग आई आणि तिच्या बरोबरीनं हाताखाली आलेली मोठी पोर. १६ ते १८ वर्षांच्या मुलाचा आकडा ३,३२०. जड अंगमेहनत करणाऱ्या गड्याचा ३,४७०. दहावी-बारावीतला पोरगा "राक्षसासारखा खातो" म्हणून घरात चेष्टा होते. तो बिचारा वयाला लागतं तेवढंच खात असतो.

"फुकट रेशन आहे, मग उपाशी कोण?"

हा सगळ्यात जास्त येणारा सवाल, आणि तो वाजवी आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं खूप घरं सावरली. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून तेही मोफत. हे रेशन नसतं तर या लेखाचा सूर फार वेगळा असता.

पण हिशोब करून पाहा. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. त्यातून मिळतात पावणेसहाशेच्या आसपास किलोकॅलरी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या गरजेचा हा चौथाई हिस्सा. उरलेला तीन चौथाई, शिवाय डाळ, तेल, भाजी, दूध, अंडं हे सगळं विकत. रेशनमुळं भाकरीची चिंता मिटते. भाकरीसोबत काय, ही चिंता तशीच राहते.

दुसरी मेख कमी लोकांना माहीत आहे. किती माणसांना लाभ द्यायचा, याची राज्याची मर्यादा अजून २०११च्या जनगणनेवर बांधलेली आहे. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी. आज जी पोरं दहा-बारा वर्षांची आहेत, ती त्या जनगणनेनंतर जन्मली. कोट्यात जागा झाली की नाव चढतं, नाहीतर कार्डावर चार नावं आणि पंगतीला सहा पानं. माणशी ५ किलोचं गणित मग घरात गेल्यावर तीन-साडेतीन किलोवर येतं.

ताट नेमकं कुठं थांबतं

आता मूळ मुद्दा. सरकारी योजना वयाच्या ओळीनं मांडून बघा. पोटातल्या बाळापासून सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी. पहिली ते आठवी शाळेत पोषण आहार, म्हणजे आपली खिचडी. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा नियम आहे. पुढं मुलीचं लग्न होऊन ती गरोदर राहिली की अंगणवाडीचं दार पुन्हा उघडतं.

मधे काय? नववीला गेलं की खिचडी बंद. जून महिन्यातल्या एका सोमवारी, पोराच्या दिवसाच्या गरजेतला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त एकदम वजा होतो, आणि तोही नेमका गरज चढत असताना. खेड्यातल्या कितीतरी हायस्कुलांत पाचवी ते दहावी एकाच इमारतीत भरते. मधल्या सुट्टीत पाचवी-आठवीची पोरं व्हरांड्यात पंगत धरून बसतात. नववी-दहावीची पोरं खिचडीचा वास घेत नळाकडं जातात, पाणी पितात, ग्राउंडवर भटकतात. ज्यांचा डबा आहे ती खातात. मुली एका हातानं डब्याचं झाकण आडवं धरून जेवतात. आत काय आहे ते शेजारणीला दिसू नये म्हणून. एखादी डबा आणतच नाही आणि विचारलं तर तेच सांगते जे तिची माय घरी सांगते: भूक नई शे. शिकवणारा माणूस वर्गात नीट बघत असेल, तर हे त्याला आठवड्याभरात कळतं.

किशोरवयीन मुलींसाठी केंद्राची योजना आहे, पण २०२१नंतर ती १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी आणि तीही देशातल्या आकांक्षित, म्हणजे केंद्रानं मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांत व ईशान्येकडच्या राज्यांत. खान्देशात आकांक्षित जिल्हा एकच, नंदुरबार. म्हणजे शहाद्याची मुलगी बसते, शेजारच्या शिरपूरची बसत नाही, चोपड्याची बसत नाही. आणि मुलगा कुठलाच बसत नाही. आदिवासी मुलांना आश्रमशाळांचा आधार मोठा आहे. तिथं राहणं-जेवण बारावीपर्यंतही मिळू शकतं. जेवणाच्या दर्जावर पोरांची आणि पालकांची तक्रार असते, ती वेगळी कहाणी. पण उन्हाळ्याच्या सुटीत आश्रमशाळा बंद होते आणि पोर नेमकं घरच्या तंगीत परत येतं.

"पोरगी तर धडधाकट दिसते"

दिसते. पोट भात-चपात्यांनी भरलेलं असलं तर गाल बसत नाहीत. कमी पडतं ते लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं. पाळी सुरू झालेल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या, मुलगे ३१ टक्के. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटात मुली ४० टक्के आणि मुलगे १८ टक्के होते. आकड्यांत एवढी तफावत का, असं कुणीही विचारेल. वयोगट वेगळे आहेत, शिवाय एका पाहणीत बोटाला टोचून रक्त घेतलं, दुसऱ्यात शिरेतून; बोटाच्या रक्ताची मोजणी कमी भरवशाची. कुठलाही आकडा धरा, मुलींचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट आहे.

रक्तक्षयी मुलगी आजारी दिसत नाही. ती जिना चढताना थांबते, प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी येते, पाचव्या तासाला बाकावर डोकं टेकवते. घरी आळशी म्हणून बोलणी खाते. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते आणि ती कामाची आहे. पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून बऱ्याच मुली ती गालात धरून नंतर थुंकतात. जेवण झाल्यावर घ्यायची असते ती. ज्या मुलीनं डबाच आणला नाही तिला हे सांगून काय फायदा? सकाळी चहाबरोबर भाकरी किंवा बटर खायची आपली सवयही आड येते, कारण चहा भाकरीतलं लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलं तर उलट मदत होते. जंताची गोळी चुकवू नये. हे सगळं करावं, पण ताटात डाळ-भाजी नसेल तर गोळी एकटी पुरी पडत नाही.

आणि हो, "पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी घ्यायला पैसे असतात" हा टोमणा. असतात, कारण पाच रुपयांत भाजी येत नाही, पुडी येते. स्वस्तात तेल, मीठ, मैदा मिळतो आणि भूक मरते. पोरगं मूर्ख नाही, ते भावाच्या हिशोबानं वागतंय. पोरांच्यात तंबाखूचीही पुडी असते. निकोटिननं भूक दबते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

चिडचिडीचा आणि ताटाचा संबंध आहे का?

आहे, आणि त्याचा एक जुना, जरा क्रूर पुरावा आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वखुशीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. उद्देश होता युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खाऊ कसं घालावं हे शोधायचा. वजन उतरलं ते अपेक्षितच होतं. पण ती माणसं चिडखोर झाली, उदास झाली, माणसांत मिसळेनाशी झाली आणि डोक्यात सतत अन्नाचेच विचार. गरिबी नव्हती, घरची भांडणं नव्हती. फक्त ताट कमी केलं होतं.

वाढत्या मुलांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. त्यांच्याबाबत सर्वेक्षणांवर भागवावं लागतं. अनेक देशांत शाळकरी मुलांना एक प्रश्न विचारतात: गेल्या ३० दिवसांत घरात पुरेसं अन्न नव्हतं म्हणून तू किती वेळा उपाशी राहिलास? "नेहमी" म्हणणाऱ्या मुलांत एकटेपणा, झोप न लागणं, मारामाऱ्या, जीव नकोसा वाटणं हे जास्त आढळतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय.

इथं शंका रास्त आहे: गरीब घरात कर्ज असतं, दारू असते, भांडणं असतात, मग दोष भुकेचा की गरिबीचा? पूर्ण वेगळं करता येत नाही. पण बऱ्याच अभ्यासांनी घरची आर्थिक स्थिती हिशोबात धरूनही संबंध उरतोच. शिवाय लहान लेकरू आणि चौदा वर्षांचं पोर यांत फरक आहे. लेकरू रडून मागतं. चौदा वर्षांच्या पोराला दुकानदाराची वही कळते, बापाचा खाडा कळतो, आणि मागायची लाज वाटते. मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासांत हे दिसतं की आईबाप तंगी लपवत असतात आणि पोरं ती ओळखून आपली भूक लपवत असतात. धाकट्याला अर्धी भाकरी सरकवतात, कुणाकडं जेवायच्या वेळी जात नाहीत, सुटीत कापूस वेचायला जातात आणि मग सुटी नसतानाही जातात.

"आम्हीही ठेचा-भाकरी खाऊनच वाढलो"

वाढलात. ज्यांचं खुंटलं ते पारावर बसून हे सांगायला येत नाहीत. शिवाय तुमची भाकरी कळण्याची होती, ज्वारीत उडीद दळलेला; दोन्ही मिळून प्रथिनं बरी जमत. सोबत अंबाडीची भाजी, घट्ट वरण, कुणाकडं ताक. आज रेशनच्या गहू-तांदळावर चालणाऱ्या घरात उडीद विकतचा आहे.

लग्न आणि मजुरी

तंगीच्या घरात दोन निर्णय लवकर होतात. मुलगा कामाला लागतो, मुलीचं लग्न उरकतं. दोन्हीकडं एक तोंड कमी. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आहे. कारण एकट्या भुकेचं नाही; रीत आहे, हुंडा आहे, दूरचं कॉलेज आहे. पण जिचं अंग अजून वाढतंय अशी रक्तक्षयी मुलगी आई झाली की बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, आणि मग ते बाळ भूक निर्देशांकात मोजलं जातं. आई मोजली गेली नव्हती.

करण्यासारखं काय?

घरापुरतं म्हणाल तर कार्डावर सगळ्या पोरांची नावं आहेत का ते तलाठी-तहसीलच्या फेऱ्या मारून का होईना बघावं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी आधार जोडलेलं कार्ड सोबत ठेवावं. एक देश एक रेशनकार्डमुळं गुजरातेतल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं, आणि काही माणसं गावी राहिली तर हिस्सा वाटूनही घेता येतो. जेवायला वाढताना पोरीला मागं ठेवू नये.

पण खरी फट घरातली नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात दहावीपर्यंतच्या मुलांना शाळेत जेवण मिळतं, आपल्याकडं ते आठवीला थांबतं. "एवढा पैसा कुठून आणायचा?" हा शेवटचा आक्षेप. नव्यानं स्वयंपाकघर बांधायचं नाहीये. ज्या हायस्कुलात पाचवी ते दहावी एकत्र आहे, तिथं शेड आहे, पातेली आहेत, स्वयंपाक करणाऱ्या मावशी आहेत. वाढवायचं आहे ते दोन वर्गांचं धान्य, डाळ, तेल आणि मावशींचं मानधन. त्यासाठी लागतो एक शासन निर्णय, आणि तो निघावा म्हणून शाळा व्यवस्थापन समितीपासून आमदारापर्यंत कुणीतरी लेखी मागणी करायला लागते.